तिसऱ्या पानावरची देवी

आमच्या आसेगावात संगीतातलं कळणारा माणूस एकच, आणि तो मी. ही बढाई नाही. भजनी मंडळाची पेटी माझ्याकडं असते. काकड्याला कुणाचा सूर घसरला की मी तिथल्या तिथं डोळे वटारतो, आणि सूर परत जागेवर येतो. म्हणून नानाजी पाटलांचा जगदेव मुंबईहून वकिलीच्या सनदेऐवजी पियानो घेऊन आला, तेव्हा सगळ्या गावानं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

साल चौतीस-पस्तिसातलं असेल. वाशीम स्टेशनावरून बैलगाडीत गोधड्यांनी गुंडाळलेलं ते धूड पाटलांच्या दारात आलं. पाटलांचा जुना गडी लखमा गाडी हाकत होता आणि जगदेव मागून पायी चालत होता, दोन्ही हातांनी धूड धरून, पडक्या भिंतीला टेकू द्यावा तसा.

नानाजी ओसरीवरून उठले. "पुस्तकाची अलमारी हाये का रे?"

"नाही बावा. पियानो हाये."

"वकिलाले लागते का तो?"

"मी वकील नाही झालो. मी हे वाजवतो."

नानाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झालो, झाकण उचललं, एक पट्टी दाबली आणि मान हलवली. काय म्हणून हलवली ते मलाही माहीत नव्हतं, पण गावाला तेवढं पुरलं.

मुंबईत जगदेव गोव्याकडच्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी राहायचा. मास्तर लग्नांत आणि क्लबात पियानो वाजवायचे. त्यांच्याकडून पोरगं आधी बोटं शिकलं, मग वाचायला शिकलं, आणि मग सगळं सोडून तेच करायला लागलं. एक साहेब विलायतेला जाताना आपला पियानो मास्तरांकडं टाकून गेला, मास्तरांनी तो जगदेवला दिला. इथपर्यंत समजण्यासारखं होतं. खरी गोम पुढंच होती. हा पठ्ठ्या फक्त नव्या लोकांचं वाजवायचा. युरोपात कुठंतरी अजून हयात असलेले गृहस्थ काहीतरी लिहून ठेवतात, ते छापून मुंबईत येतं, आणि आमचा जगदेव ते वाजवतो.

"मेलेल्यायचं मी वाजवत नाही," तो म्हणाला. "ते वाजवाले दुनिया पडली हाये. माह्या हातातलं ज्यानं लिहिलं तो व्हिएन्नात राह्यते. आजही जिवंत हाये."

"जिवंत हाये तं मंग त्यालेच सांग न वाजवाले," नानाजी म्हणाले. "तू काहून घाम गाळून राह्यला?"

मला वाटतं, नव्या संगीतावर इतकी चोख टीका मुंबईतही कुणी केली नसेल.

नानाजी तसे वाईट नव्हते. एकुलता एक मुलगा, त्याची बायको मनकर्णाबाई घरात येऊन दोन वर्षं झालेली, आणि मुलगा मुंबईत म्हणून तिनं ती दोन वर्षं दाराआडच काढलेली. ते म्हणाले, "ठीक हाये. कापूस घरात येईस्तोवर बैठकीत ठेव. लोकायले आइकव. लोकायनं एक डाव मुकाट्यानं आखरीपर्यंत आइकलं, तं राहू दे. नाही आइकलं, तं हे लाकूड गोठ्यात आन तू वाशीमले वकिलाच्या हाताखाली."

जगदेवनं हसत होकार दिला. लोक आखरीपर्यंत ऐकतील यात त्याला शंकाच नव्हती. मुंबईत फार राहिलं की माणसाचं असं होतं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी बैठकीत पहिला कार्यक्रम झाला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि जगदेव आला तो मागं दोन शेपट्या असलेला काळा कोट घालून. पुरुष सतरंजीवर, बाया माजघराच्या दारात. तो वाकला, बसला, बराच वेळ नुसता पट्ट्यांकडं बघत राहिला आणि मग सुरू झाला.

मी पेटीवाला माणूस. एक सूर लागला की त्याचा शेजारी कोण येणार हे मला आधी कळतं. इथं शेजारी येतच नव्हता. एक सूर उजवीकडच्या टोकाला टिचकन वाजायचा, त्याचा भाऊबंद पार डावीकडं खालून गुरगुरायचा, आणि मधली सगळी मंडळी गप्प. लोक माझ्याकडं बघत होते. मी डोळे मिटून घेतले. जाणत्या माणसाला अडचणीत तेवढा एकच मार्ग असतो.

पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या पानावर त्या व्हिएन्नाच्या गृहस्थाला काय झालं देव जाणे. डाव्या हातानं खालचे सूर दणादण हाणायला सुरुवात झाली. सरळ ठेका नाही, लंगडा. दोन दणके, थांब, तीन दणके, थांब, परत दोन. आमच्या गावातलं पोरही सांगेल की हा ठेका डफड्याचा. मरीमायच्या गाड्यापुढं हेच वाजतं.

माजघराच्या दारातून किंकाळी आली. रंगूबाईच्या अंगात आलं होतं.

रंगूबाई म्हणजे गावातली मरीमायचं झाड. जिच्या अंगात देवी येते तिला आमच्याकडं झाड म्हणतात. एरवी म्हातारी इतकी मऊ की भाकरीवर चटणीसुद्धा मागून घेणार नाही, पण अंगात आलं की पाटलालाही अरेतुरे करायची. केस सुटले, म्हातारी घुमत घुमत बैठकीच्या मधोमध आली. आणि आमच्याकडं एक नियम आहे, माझ्या आजोबांच्या आजोबांपासूनचा: देवी बोलायला उभी राहिली की वाद्य बंद. देवीच्या बोलण्यावर बोट ठेवायची वाद्याची प्राज्ञा नाही. लखमानं पळत जाऊन जगदेवचे दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले आणि हवेत धरून ठेवले.

"माय, बोल," नानाजी हात जोडून म्हणाले.

मग प्रश्न सुरू झाले. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या विहिरीचं पाणी. नानाजींचा ढवळ्या बैल आदल्या दिवसापासून हरवला होता. देवी म्हणाली, नाल्याच्या वरच्या अंगाला पाह्य. लोक धावले, आणि ढवळ्या खरोखर तिथं बाभळीखाली रवंथ करत उभा. सगळं गाव बैल बघायला गेलं. बैठकीत हात हवेत धरलेला जगदेव आणि त्याचे हात धरलेला लखमा, एवढेच उरले.

दुसऱ्या दिवशी जगदेव माझ्याकडं आला. "उकंडकाका, आता काय करू?"

"सोपं हाये. तिसरं पान गाळ."

त्याचा चेहरा असा झाला, जसं मी त्याला म्हणालो होतो की जेवताना घास गिळू नको. "त्या पानाबिगर आखरीचं पान उभंच राह्यत नाही, काका. हे सारं त्या आखरीच्या पानासाठी हाये. तुमाले मालूम नाही ते कसं हाये."

"मालूम कसं असेल बावा? तू वाजवलं कुठं?"

आणि वाजवणार तरी कुठं? नानाजींनी हुकूम काढला होता: घरात हे वाजवायचं नाही. नैवेद्य नाही, लिंबू नाही, आणि देवीला रोज उठून रिकाम्या हातानं बोलवायचं, हा काही पोरखेळ नाही. म्हणून जगदेव झाकण बंद करून झाकणावर सराव करायचा. मी एकदा दुपारी नानाजींना भेटायला गेलो तेव्हा पाहिलं. लाकडावर बोटं पळत होती, टकटक एवढाच आवाज, आणि दारात मनकर्णाबाई सुपात गहू घेऊन बसल्या होत्या. सूप हलत नव्हतं. जगदेवची बोटं शेवटी शेवटी सावकाश झाली, एक बोट एकाच जागी टेकायचं, थांबायचं, परत टेकायचं. मग त्यानं हात मांडीवर ठेवले. तेव्हा बाईंनी सूप हलवलं.

"कसं वाजते हो हे?" त्यांनी हळूच विचारलं. मी आहे हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"आइकवीन न," तो म्हणाला. "एक डाव पुरं वाजू दे."

मला तिथून पाय न वाजवता निघावं लागलं. त्या पोराचं व्हावं असं मला वाटायला लागलं होतं, आणि पेटीवाल्याला पियानोवाल्यासाठी असं वाटणं बरं दिसत नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीनं गाड्या गिळल्या आणि कार्यक्रम बंद राहिले. पण देवी बोलवणाऱ्या पियानोची कीर्ती चिखलातूनही चालते. दसरा झाला तसं अनसिंगहून आमंत्रण आलं. त्यांच्या झाडावर तीन वर्षं देवी आली नव्हती, डफडी फुटली पण देवी हलली नव्हती. जगदेवला वाटलं, चला, श्रोते मिळाले. गाडीत पियानो, मागं कोट, आणि रंगूबाईला मुद्दाम घरी ठेवलं. रस्त्यातल्या दणक्यांनी पियानोचे किती सूर हलले याचं त्याला फार दुःख झालं. आम्हाला फरक कळला नाही.

अनसिंगात तिसऱ्या पानावर दोन जणांच्या अंगात एकदम आलं. त्यांनी जगदेवला नारळ दिला, गुलाल लावला आणि सांगितलं की एवढा मोठा कलावंत वऱ्हाडात झाला नाही. पुढची पानं कुणी विचारली नाहीत. परतताना तो गुलालानं माखलेला, गाडीत पाठमोरा बसून होता.

"काका, हे माह्यं नाव करून राह्यले का मले मारून राह्यले?"

"नाव म्हणजे तेच रे," मी म्हणालो.

मग मंगरूळपीर. तिथं मात्र आशा होती. कचेरीच्या आवारात मंडप, पुढं खुर्च्यांवर तहसीलदारसाहेब, डॉक्टर, शाळेचे हेडमास्तर. शिकलेली माणसं. यांच्या अंगात काय येणार? तिसरं पान सुरू झालं आणि जगदेवनं डोळ्याच्या कोपऱ्यातून खुर्च्यांकडं पाहिलं. खुर्च्या स्थिर होत्या. तो दणके देत पुढं गेला. पानाच्या तळाशी पोचणार, तेवढ्यात साहेबांच्या खुर्चीमागं उभा असलेला चपराशी हेमसिंग थरथरायला लागला. पट्टा-पगडीसकट तो पुढं आला आणि साहेबांसमोर उभा राहिला.

साहेब सुशिक्षित, पण माणूस इथलाच. त्यांनी बूट काढले आणि हात जोडले. "माय, काय पाहिजे?"

"माह्या झाडाले सुट्टी पाहिजे," देवी म्हणाली. "सालभर झालं अर्जी करून राह्यलं. घरी बुढी माय हाये त्याची."

"दिली," साहेब म्हणाले. "उद्यापासून."

हेमसिंग दुसऱ्या दिवशी गावी गेला. मंगरुळातल्या बाकीच्या चपराश्यांनी जगदेवला परत बोलावण्यासाठी वर्गणी गोळा करायला घेतली, असं कानावर आलं.

तोवर कापूस फुटला. नानाजींच्या शेतात सीतादही झाली: पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडाखाली दगड मांडून बायांनी पूजा केली आणि दहीभात शिंपला, कापूस तसाच पांढरा फुटावा म्हणून. दुसऱ्या दिवसापासून वेचणी, आणि वेचलेल्या कापसाला जागा एकच, पाटलांची बैठक. दरसाल तिथं आढ्यापर्यंत कापूस भरायचा. नानाजी म्हणाले, "जगदेव, अर्धी बैठक भरली. राह्यलेली पर्वा भरते. उद्या वाजव, आखरीचं."

उद्या म्हणजे उद्या दुपारी. बातमी फुटली आणि पंचक्रोशीतली माणसं आली, पियानोसाठी नव्हे, आपापले प्रश्न घेऊन. कुणाची म्हैस, कुणाचा नवरा. अनसिंगहून एक गाडी आली. रंगूबाईला न्हाऊ घालून, कपाळभर कुंकू लावून सगळ्यात पुढं बसवलं. समोर लिंबाची परडी. मागं आणि दोन्ही अंगांना कापसाचे डोंगर, त्यांना पाय लागू नये म्हणून माणसं अंग चोरून दाटीनं बसली.

जगदेवनं कोट घातला. येताना तो माझ्याजवळ थांबला. "काका, आज नाही झालं तं मी सनद घेतो. पण मले त्याचं काही नाही. तिनं ते आइकलं नाही, एवढंच."

'ती' माजघराच्या दारात होती, पदर कपाळाच्या खाली. त्या घरात मनकर्णाबाईंचा आवाज सासऱ्यानं कधी ऐकला नव्हता. पाणी हवंय का हेही ती भांडं वाजवून विचारायची.

सुरू झालं. एक गोष्ट मला लगेच जाणवली. कापसानं आवाजाची धार काढून घेतली होती. टिचकन वाजणारा सूर आज टिचत नव्हता, येऊन बसत होता. मी डोळे मिटायचे विसरलो. पहिलं पान, दुसरं पान. लोक मात्र रंगूबाईकडं बघत होते. तिसरं पान आलं आणि दोन दणके, थांब, तीन दणके. रंगूबाईचा डावा खांदा उडाला. लखमा जगदेवचे हात धरायला उठला. लोकांनी आपापले प्रश्न तोंडात तयार केले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, असा की लिंबाच्या परडीतलं एक लिंबू घरंगळलं.

मनकर्णाबाई उभ्या होत्या. पदर खाली, केस सुटलेले. त्या सरळ चालत बैठकीत आल्या, पुरुषांच्या मधून.

नानाजी धडपडत उठले. "कोन आली, माय?"

"माहूरची."

सगळी बैठक जमिनीला टेकली. माहूरची माय म्हणजे मोठी. आमची मरीमाय तिची धाकटी बहीण, आणि मोठी बहीण घरात आली की धाकटी बोलत नाही, हे देवांतही आहे आणि माणसांतही. रंगूबाईचा खांदा जागच्या जागी थांबला. म्हातारीनं पदर सावरला आणि मुकाट खाली बसली.

नियमाप्रमाणं जगदेवचे हात आपणहून वर गेले होते. देवी त्याच्याकडं वळली.

"तुले थांब कोनं म्हटलं?"

जगदेवनं हात तसेच वर ठेवून लखमाकडं पाहिलं.

"माहूरवरून मी हे आइकाले आली. वाजव." मग ती लोकांकडं वळली. "आन तुमी. मले कोनी काही पुसू नोका. कोनी जाग्यावरून हालू नोका. आखरीपर्यंत आइकाचं."

अनसिंगच्या एकानं म्हशीचं विचारायला तोंड उघडलं. देवीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. म्हैस तोंडातच राहिली.

जगदेवनं हात खाली टेकवले. तिसरं पान संपलं. चौथं आलं, पाचवं आलं, त्या पानांवर आसेगावातलंच काय, वऱ्हाडातलं कुणी कधी पोचलं नव्हतं. देवी पियानोजवळ जमिनीवर बसली, मनकर्णाबाई सुपाशी बसायच्या अगदी तशीच. आणि मग शेवटचं पान. मी सांगू शकत नाही ते काय होतं. सगळे दणके, सगळी भांडणं एकेक करून निघून गेली आणि एकच सूर उरला. वाजायचा. थांबायचा. परत वाजायचा, थोडा लांबून. दर वेळी वाटे, आता नाही येणार, आणि यायचा. मग एकदा आला नाही.

जगदेवनं हात मांडीवर ठेवले.

कुणी हललं नाही. हलायची परवानगीच नव्हती. गोठ्यातल्या ढवळ्याच्या गळ्यातली घंटा वाजली तेवढी. जगदेव बायकोकडं बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते, आणि माझेही, हे मी आता सांगून टाकतो.

शेवटी नानाजी पुढं झाले आणि सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, झालं का?"

"झालं," देवी म्हणाली. "हे लाकूड इथंच राहीन. कापूस मांगच्या खोलीत भर."

"भरतो माय." नानाजी उठता उठता थांबले. म्हातारा चौकस. "माय, एक सांग. हे चांगलं होतं का?"

या प्रश्नाची तयारी देवीनं केली नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं. हो म्हणाली असती तर काम झालं असतं. पण तिनं जगदेवकडं पाहिलं, आणि त्याच्याशी तिला खोटं बोलवेना.

"मले समजलं नाही," ती हळू म्हणाली. हा आवाज माहूरचा नव्हता, सुपावरचा होता. "पन मले आनखी एक डाव आइकाचं हाये."

जगदेव हसला. अखाजीपासून तो हसला नव्हता. इतक्या कार्यक्रमांत, इतक्या गुलालांत, असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं.

आणि देवीचा शब्द म्हणजे शब्द. जगदेवनं सगळी पानं उलटून परत पहिल्यावर आणली आणि हात उचलले. अनसिंगचे लोक एकमेकांकडं हताश होऊन बघायला लागले, रंगूबाईनं परडीतलं लिंबू चोखायला घेतलं, आणि नानाजी कापसाला पाठ लागणार नाही असे ताठ मांडी घालून बसले. तिसऱ्या पानावर या खेपेला कुणाच्या अंगात आलं नाही. माझं लक्षही तिकडं नव्हतं. मी शेवटच्या पानाची वाट बघत होतो.